टॉवेलच्या मागावरचा ड्राइव्ह, २०० मिलिसेकंदांचा डेटा आणि दर २० सेकंदांनी येणारी लाट

रुमाल_अक्कलकोटरोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे. मी तिथं मेंटेनन्स बघतो. पाच रेपिअर माग आहेत, सगळ्यांवर टर्किश टॉवेल चालतो. दोन वर्षांपूर्वी पाचही मागांच्या मेन मोटरवर ड्राइव्ह (मोटरचा वेग कमीजास्त करणारे कंट्रोलर) बसवले. मोटर ५ एचपीच्या, चालू मागावर साधारण ५ अँपिअर घेतात.

पाचही ड्राइव्ह एका आरएस-४८५ डेटा लाइनवर जोडून एका जुन्या कॉम्प्युटरवर मॉडबसने (यंत्रांशी बोलायच्या ठरलेल्या भाषेत) करंट वाचतो. बॉड रेट, म्हणजे लाइनचा वेग, सेकंदाला ९६०० बिट. प्रोग्राम दर २०० मिलिसेकंदांनी पाचही ड्राइव्हचं करंटचं रजिस्टर (ड्राइव्हमधला आकड्याचा कप्पा) एकदा वाचतो, फाइलमध्ये लिहितो आणि ग्राफ काढतो.

दोन गोष्टींनी डोकं उठलंय.

पहिली म्हणजे ३ नंबरचा माग आठवड्यातून दोन-तीनदा ओव्हरकरंटवर ट्रिप होतो (करंट मर्यादेबाहेर गेला म्हणून ड्राइव्ह बंद पडतो), बहुतेक वेळा रात्रपाळीत. ग्राफ बघावा तर ट्रिपच्या आधी काहीच नाही. ४ अँपिअर, ४ अँपिअर, ४ अँपिअर आणि मग एकदम शून्य.

दुसरी त्याहून विचित्र. त्याच ३ नंबरच्या ग्राफवर एक संथ लाट दिसते. करंट हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो. चढउतार साधारण पाऊण अँपिअरचा, आणि एका लाटेला २० सेकंद लागतात. मला वाटलं ट्रिपचं मूळ हेच. बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) वाकडा असेल म्हणून बीम बदलला. लेट-ऑफचा, म्हणजे बीमवरचा धागा सोडणारा, गिअर खोलला. व्ही-बेल्ट नवीन टाकला. ह्युमिडिफायरचा पंप त्याच फेजवर आहे म्हणून तो अर्धा दिवस बंद ठेवून पाहिला. तीन आठवडे गेले, लाट जशीच्या तशी.

आमचे जॉबर (माग जुळवणारे मिस्त्री) मामा ३० वर्षं मागावर आहेत. ते फ्रेमवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "२० सेकंदांचं काही नाही रे याच्यात. माग सरळ चाललाय." मला हातापेक्षा ग्राफ खरा वाटत होता. कोणी मार्ग दाखवेल का?

---

चिंचोळीकर

आधी केबल बघा. आरएस-४८५ची केबल ट्विस्टेड आणि शिल्डेड आहे ना? दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर आहेत का? मोटरच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून नेली असेल तर ड्राइव्हचा नॉइज त्यात शिरतोच. आमच्याकडे डाइंगच्या मशीनवर हाच प्रकार होता, ट्रे वेगळा केल्यावर थांबला.

---

रुमाल_अक्कलकोटरोड

केबल वेगळ्या पाइपमधून आहे, दोन्ही टोकांना १२० ओहम आहेत. सीआरसी (डेटा बरोबर पोचला का ते तपासणारा आकडा) एररचा काउंटर ठेवलाय, दिवसाला एकही येत नाही.

---

चिंचोळीकर

मग केबल नाही. मॉडबसमध्ये नॉइज शिरला तर सीआरसी जुळत नाही आणि फ्रेम टाकून दिली जाते. आकडा हळूहळू वरखाली होत नाही. माझं म्हणणं मागे घेतो.

---

ड्राइव्हतपासणी

तीन प्रश्न विचारतो, मग बोलतो.

३ नंबरच्या मागाचा स्पीड नेमका किती, टॅकोमीटरने मोजलेला?
बाकीचे माग किती स्पीडने चालतात आणि त्यांच्या ग्राफवर लाट आहे का?
प्रोग्राममध्ये दर वाचनाला वेळ लिहिली जाते, की फक्त ओळ नंबर?

---

रुमाल_अक्कलकोटरोड

३ नंबर २९७ पिक (बाण्याचे, म्हणजे आडव्या धाग्याचे, फेरे) प्रति मिनिट. ड्राइव्हवर ४९.५ हर्ट्झ ठेवलाय, ५० ला बरोबर ३०० होतात. ४ नंबर २८० वर चालतो, जाड माल आहे. त्याच्यावर लाट नाही, पण ग्राफ खरबरीत दिसतो. बाकीचे तीन २७० ते २८५ च्या मध्ये, तेही खरबरीत. म्हणून मी पाच वाचनांची सरासरी काढून ग्राफ गुळगुळीत केलाय.

वेळ लिहिली जाते, मिलिसेकंदांपर्यंत. टायमर पक्का आहे, २०० च्या मागेपुढे एक-दोनच.

---

ड्राइव्हतपासणी

तुमची लाट मागात नाही. ती तुमच्या वाचण्याच्या वेळेतून तयार झालीय. जॉबर मामांचा हात बरोबर आहे.

हिशेब मांडतो, कागदावर तुम्हीही करून बघा. माग मिनिटाला २९७ पिक मारतो, म्हणजे क्रँकशाफ्टचा एक फेरा ६०,००० भागिले २९७, साधारण २०२ मिलिसेकंदांत. प्रत्येक फेऱ्यात फणी पुढे येऊन बाणा ठोकते, तिथं मोटरवर लोड येतो. फणी मागे जाताना तो उतरतो. म्हणजे करंट दर २०२ मिलिसेकंदांनी एकदा वर जाऊन खाली येतोय. ही खरी चाल.

तुम्ही बघता दर २०० मिलिसेकंदांनी. दर वेळी तुम्ही डोळे उघडता तेव्हा माग मागच्या वेळेपेक्षा २ मिलिसेकंद अलीकडच्या जागी असतो. पुढच्या वेळी आणखी २. अशी १०० वाचनं झाली की तुम्ही मागाचा एक अख्खा फेरा, कणाकणाने, उलट्या दिशेने बघून संपवता. १०० वाचनं गुणिले २०० मिलिसेकंद किती? २० सेकंद.

भिंतीवरचं घड्याळ दर वेळी बरोब्बर १२ तास ५ मिनिटांनी बघितलंत, तर काटे दर वेळी फक्त पाचच मिनिटं सरकलेले दिसतील. मधले अख्खे १२ तास तुम्हाला दिसणारच नाहीत. घड्याळ ठीक आहे, बघण्याची वेळ चुकलीय. याला एलिअसिंग म्हणतात. नियम असा की जी हालचाल बघायची आहे तिच्या दुपटीपेक्षा जास्त वेगाने नमुने घ्यायलाच हवेत. तुमचे नमुने सेकंदाला ५, म्हणजे २.५ हर्ट्झच्या वरचं जे काही असेल ते खोटा वेष घेऊन खाली उतरणार. मागाचा ठोका ४.९५ हर्ट्झ आहे. ५ वजा ४.९५ केलं की ०.०५ हर्ट्झ, तीच ती २० सेकंदांची लाट.

४ नंबर २८० वर, म्हणजे ४.६७ हर्ट्झ. ५ मधून वजा करा, ०.३३ उरतो. तिथं लाट तीन सेकंदांची पडते, म्हणून तुम्हाला ती लाट न वाटता खरबरीतपणा वाटला. तोही खोटाच.

खात्री करायला काही खोलायची गरज नाही. ड्राइव्ह ४९.५ वरून ४८.५ हर्ट्झवर घ्या. माग २९१ पिकांवर येईल, म्हणजे ४.८५ हर्ट्झ. माझं बरोबर असेल तर लाट २० सेकंदांवरून पावणेसात सेकंदांवर येईल. सहा पिकांच्या फरकाने कुठलाही वाकडा बीम असं करू शकत नाही.

---

रुमाल_अक्कलकोटरोड

आत्ताच दुसरी पाळी सुरू झाल्यावर करून पाहिलं. ४८.५ वर लाट ६ ते ७ सेकंदांची झाली. परत ४९.५ वर, परत २०. ५० वर नेला तर लाट जवळजवळ गायबच, सरळ रेघ.

मामांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, चहा मागवला.

---

पॅनेलमास्तर

५० वर सरळ रेघ दिसली ना, ती या धाग्यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे. लाट दिसली तर माणूस निदान शोध घेतो. सरळ रेघ दिसली की "सगळं ठीक" म्हणून घरी जातो. त्या वेळी तुमचं प्रत्येक वाचन फेऱ्यातल्या एकाच जागी पडत होतं. फणी ठोकताना कितीही करंट उसळला तरी तुम्हाला कधीच दिसला नसता.

मालकांना दाखवायला कोणी असाच स्पीड आणि असंच पोलिंग ठेवलं असतं, तर पाच वर्षं सरळ रेघेवर कारखाना चालला असता.

---

नवखा_डिप्लोमा

सर, मी शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला हाच विषय घ्यायचा विचार आहे. मग बॉड रेट वाढवला की झालं ना? ९६०० चा ३८४०० केला की चौपट वेगाने डेटा मिळेल?

---

ड्राइव्हतपासणी

चौपट मिळत नाही. का, ते बघ. प्रोजेक्टमध्ये हा हिशेब घातलास तर परीक्षकही खूश होतील.

मॉडबस आरटीयूमध्ये एक रजिस्टर वाचायला ८ बाइट जातात आणि ७ बाइट येतात, एकूण १५. पॅरिटीच्या (चूक ओळखायच्या) बिटासकट एका बाइटला ११ बिट लागतात. ९६०० ला १५ बाइटना साधारण १७ मिलिसेकंद. प्रत्येक फ्रेमच्या आधी-नंतर साडेतीन अक्षरांची शांतता पाळावी लागते, ती ४-४ मिलिसेकंदांची. झाले २५. त्यात ड्राइव्ह उत्तर द्यायला स्वतःचा वेळ घेतो, आणि यूएसबी कन्व्हर्टरही घेतो. धागाकर्त्यांचं एक वाचन ३५-४० मिलिसेकंदांत होत असणार. पाच ड्राइव्ह म्हणजे जवळजवळ १९०, म्हणून त्यांना २०० चा टायमर बसला.

३८४०० केलास की १७ चे चार-सव्वाचार होतात. शांततेचा वेळ १९२०० च्या वर पावणेदोन मिलिसेकंदांवर स्थिर ठेवायची शिफारस आहे, तो दोनदा, म्हणजे साडेतीन. पण ड्राइव्हचा आणि कन्व्हर्टरचा वेळ तेवढाच राहतो. सगळं मिळून वीस-एक. वेग जेमतेम दुप्पट झाला, चौपट नाही.

कन्व्हर्टरचं एक सांगतो, कारण यात अनेकजण दिवस घालवतात. एफटीडीआय चिपच्या कन्व्हर्टरला लेटन्सी टायमर (डेटा पुढे पाठवायच्या आधी थांबायचा वेळ) असतो आणि विंडोजमध्ये तो मुळात १६ मिलिसेकंदांवर सेट असतो. उत्तर छोटं असेल तर ते बफरमध्ये थांबून राहतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन तो १ कर. काही खर्च नाही.

दुसरं, करंट, फ्रिक्वेन्सी, डीसी बस (ड्राइव्हच्या आतला डीसी सप्लाय) व्होल्टेज ही रजिस्टरं शेजारी-शेजारी असतील तर तीन वेळा विचारू नकोस. एकाच विनंतीत वाच. फंक्शन ३ ला एका वेळी १२५ रजिस्टरं वाचता येतात.

---

रुमाल_अक्कलकोटरोड

लेटन्सी टायमर १६ वरच होता. १ केला, बॉड ३८४०० केला आणि फक्त ३ नंबर वाचला. आता १५ मिलिसेकंदांनी वाचन येतंय, सेकंदाला ६५ च्या आसपास.

आणि काय दिसलं सांगू? दात दिसले. प्रत्येक ठोक्याचा एक दात, आणि दर तिसरा दात बाकी दोघांपेक्षा उंच. दोन बुटके, एक उंच, दोन बुटके, एक उंच. अख्खी रांग.

आमचा टॉवेल तीन पिकांचा. पहिले दोन बाणे फणी कापडापासून दूर सोडते, तिसऱ्याला तिन्ही एकत्र रेटून कापडाला भिडवते, तेव्हा टॉवेलची लूप उभी राहते. तो तिसरा रेटा इथं करंटमध्ये दिसतोय. मी ज्याला खरबरीतपणा समजून सरासरीने पुसत होतो, त्यात हा दात होता. तीन पिकांची फेरी २९७ भागिले ३, मिनिटाला ९९, म्हणजे १.६५ हर्ट्झ. ती २.५ च्या खाली आहे, म्हणजे ही चाल माझ्या जुन्या फाइलमध्येही खरीच उमटली होती.

मामांना बोलावून दाखवलं. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून मोजलं, "हा सुटा, हा सुटा, हा भिडला." मग बाजूच्या मागाच्या आवाजाबरोबर बोट नाचवत राहिले.

---

पॅनेलमास्तर

वाचून बरं वाटलं.

पण एक तपासा. १५ मिलिसेकंदांनी वाचताय म्हणजे दर १५ मिलिसेकंदांनी नवा आकडा मिळतोच असं नाही. ड्राइव्ह आत करंट फार वेगाने मोजतो, कॅरिअर फ्रिक्वेन्सीच्या (आतल्या स्विचिंगच्या) तालावर, सेकंदाला हजारो वेळा. पण मॉडबसच्या रजिस्टरमध्ये ठेवतो तो आरएमएस (परिणामी सरासरी) आकडा, गाळलेला, आणि स्वतःच्या सवडीने बदललेला. फाइल उघडून बघा, तोच आकडा लागोपाठ तीन-चारदा येतोय का?

---

रुमाल_अक्कलकोटरोड

येतोय. बहुतेक ठिकाणी तीनदा तोच. म्हणजे ड्राइव्ह ४५-५० मिलिसेकंदांनी आकडा बदलतोय असं धरू?

---

पॅनेलमास्तर

हो. त्यापेक्षा वेगाने विचारून लाइन फक्त भरते, हाती काही लागत नाही. सेकंदाला २० खरे आकडे मिळतात, मागाच्या ५ हर्ट्झच्या ठोक्याला ते पुरतात.

फिल्टरचंही लक्षात ठेवा. बऱ्याच ड्राइव्हमध्ये दाखवायच्या करंटला फिल्टरचा टाइम कॉन्स्टंट (फिल्टर किती सावकाश चालतो तो वेळ) पॅरामीटरमध्ये बदलता येतो. तो १०० मिलिसेकंद असेल तर ५ हर्ट्झची चाल तिच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी होऊन दिसते. मोटरवर ३ अँपिअरची उसळी असेल तर रजिस्टरमध्ये ०.९ येईल. तुमची पाऊण अँपिअरची लाट खरी किती मोठी होती, याचा अंदाज घ्या. पॅरामीटर बदलायच्या आधी जुना आकडा लिहून ठेवा.

---

साखरपट्टा

मी जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटला आहे. धागा वाचतोय, थोडं वेगळं मत मांडतो.

सगळ्यांनी वेगामागे लागू नये. आमच्याकडे सेंट्रिफ्युगलवर (फिरवून साखर वेगळी करणाऱ्या मशीनवर) मोठे ड्राइव्ह आहेत. चार्ज घेतो, वेग पकडतो, फिरतो, मळी-साखर वेगळी होते, ब्रेकिंगला ऊर्जा परत देतो. एका बॅचला काही मिनिटं. युनिटचा हिशेब, मोटरचं तापमान, बॅचची वेळ, यांना सेकंदाला एक नमुना भरपूर होतो. मी एकदा हौसेने चार चॅनेल १ किलोहर्ट्झने नोंदवायला लावले. प्रत्येक नमुना २ बाइट धरला तरी दिवसाला जवळजवळ ६९० एमबी. सीझन चार-पाच महिन्यांचा. पंधरा दिवसांत कोणी त्या फाइली उघडेनासं झालं.

आता आम्ही दर सेकंदाला तीनच आकडे ठेवतो: त्या सेकंदातला कमाल, किमान आणि आरएमएस. आत मोजणी वेगाने, साठवण सावकाश. उसळी आली की कमाल आकड्यात ती दिसतेच. वेगाचा डेटा ठेवायचा तो फक्त ट्रिपच्या मागच्या-पुढच्या दोन-चार सेकंदांचा.

---

ड्राइव्हतपासणी

साखरपट्टा यांच्याशी शंभर टक्के सहमत. एवढंच जोडतो की कमाल-किमान काढायच्या आधीचं मोजणं वेगवान असलं पाहिजे. दर २०० मिलिसेकंदांच्या वाचनातून कमाल काढलात तर तो कमाल नव्हेच.

---

नवखा_डिप्लोमा

सर, मी ड्राइव्हच्या आउटपुट वायरवर सेन्सर लावून ईएसपी३२ (छोटा मायक्रोकंट्रोलर) ने थेट करंट मोजायचा विचार करतोय. साधा सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) चालेल का? आणि एडीएस १११५ एडीसी (सिग्नलचा आकडा करणारी चिप) माझ्याकडे आहे.

---

पॅनेलमास्तर

ड्राइव्हच्या आउटपुटवर साधा ५० हर्ट्झचा सीटी नको. वेग कमी केला की फ्रिक्वेन्सी खाली येते, कोअर सॅच्युरेट व्हायला लागतो आणि आकडा चुकतो. हॉल इफेक्टचा सेन्सर घे. एलईएमचा एलए ५५-पी बऱ्याच ठिकाणी वापरतात. ५० अँपिअरला ५० मिलिअँपिअर देतो, डीसीपासून २०० किलोहर्ट्झपर्यंत चालतो. वायर इन्सुलेशनसकट त्याच्या भोकातून जाते, म्हणून तुझं सर्किट मोटरच्या व्होल्टेजपासून वेगळं राहतं. ५ एचपीच्या मोटरला वायरचे दोन वेढे घातलेस तर सिग्नल दुप्पट होतो.

१११५ चांगला आहे, पण जास्तीत जास्त सेकंदाला ८६० नमुने, आणि ते चारही चॅनेलमध्ये वाटून. ठोक्याची उंची बघायला पुरेल, करंटची लाट नीट बघायला नाही. १२ बिटांचा एमसीपी ३२०८ घे. ५ व्होल्टवर सेकंदाला १ लाख नमुन्यांपर्यंत जातो, एसपीआयवर चालतो. फक्त त्याला ऋण व्होल्टेज कळत नाही, म्हणून सिग्नल मधोमध उचलून द्यावा लागेल. आणि ईएसपी ३.३ व्होल्टचा आहे, मध्ये लेव्हल शिफ्टर (व्होल्टेज जुळवणारी चिप) लाव.

या धाग्यातला धडा इथंही लागू होतो. ड्राइव्हची कॅरिअर समज ४ किलोहर्ट्झ आहे. तू सेकंदाला १,८०० नमुने घेतलेस तर ४,००० वजा ३,६००, म्हणजे ४०० हर्ट्झचा एक घटक तुझ्या ग्राफवर उगवेल, जो मोटरमध्ये नाहीच. एडीसीच्या आधी १.६ किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्टर टाक, तो साधारण १ किलोहर्ट्झला कापायला लागतो, आणि नमुने १०,००० घे. एका पायरीचा फिल्टर ४ किलोहर्ट्झला चौथाईवर आणेल. आणखी स्वच्छ हवं असेल तर दोन पायऱ्या. एक लक्षात ठेव, हा फिल्टर एडीसीच्या आधी तारेतच हवा. नमुने घेऊन झाल्यावर सॉफ्टवेअरमध्ये कितीही गाळलंस तरी खोटी लाट निघत नाही, कारण तोवर ती खऱ्यासारखीच झालेली असते.

आता जिवाचं. हे मन लावून वाच. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये डीसी बस ५८० व्होल्टच्या आसपास असते. मेन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. ड्राइव्हवर जेवढी मिनिटं लिहिली असतील तेवढी थांब, मग मीटरने बस मोज, मगच हात घाल. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची अर्थ क्लिप ड्राइव्हच्या आउटपुटला कधीही लावायची नाही. काहीजण स्कोपची अर्थ पिन काढून ठेवतात, म्हणजे शॉर्ट होत नाही. मग स्कोपची अख्खी बॉडी शेकडो व्होल्टवर येते. माझ्या ओळखीच्या एका मुलाचा हात यातच भाजला. डिफरन्शियल प्रोब मिळत नसेल तर व्होल्टेज मोजायचंच नाही, करंटवर काम भागव.

---

नवखा_डिप्लोमा

समजलं सर. कॉलेजात डिफरन्शियल प्रोब आहे का विचारतो. नसेल तर फक्त करंट.

---

रुमाल_अक्कलकोटरोड

लाटेचा उलगडा झाला, ट्रिपचा राहिलाय. काल रात्री दीड वाजता परत झाला. यावेळी २० आकडे सेकंदाला होते. ट्रिपच्या आधीच्या शेवटच्या दोन वाचनांत ४.१ आणि ७.८ आहे, मग शून्य. म्हणजे जे झालं ते ५०-१०० मिलिसेकंदांत झालं.

---

ड्राइव्हतपासणी

आता मॉडबस सोडा. इतकं वेगवान काही पकडायला ड्राइव्हचाच ट्रेस वापरायचा. सिमेन्सच्या सिनॅमिक्समध्ये ट्रेस आहे, एबीबीच्या ड्राइव्ह कंपोझरमध्ये डेटा लॉगर आहे, तुमच्या कंपनीच्या पीसी सॉफ्टवेअरमध्येही त्याच जातीचं काही असेल. त्याची गंमत अशी की नमुने ड्राइव्हच्या आतच, त्याच्याच घड्याळावर घेतले जातात आणि त्याच्याच मेमरीत राहतात. लाइनच्या वेगाचा प्रश्नच येत नाही. नंतर सावकाश उतरवून घ्यायचे.

सेटिंग असं करा. नमुना १ मिलिसेकंद. ट्रिगर फॉल्टवर. प्री-ट्रिगर ७५ ते ८० टक्के, कारण आपल्याला फॉल्टच्या आधीचं बघायचंय. प्री-ट्रिगर ठेवायला विसरलात तर ट्रिप झाल्यानंतरचं शून्य तेवढं हाती येतं. चॅनेल: करंट, आउटपुट फ्रिक्वेन्सी, डीसी बस व्होल्टेज. बस आधी खाली गेली आणि मग करंट वाढला तर सप्लायचा दोष. बस जागेवर आणि करंट वर, तर दोष मागाच्या बाजूला.

---

पॅनेलमास्तर

चौथं चॅनेलही वापरा. तुमच्या मागाला इलेक्ट्रोमॅग्नेटिक क्लच-ब्रेक (मोटर फिरती ठेवून माग जोडणारा आणि थांबवणारा) असेल. क्लचच्या रिलेचा रिकामा कॉन्टॅक्ट घेऊन ड्राइव्हच्या एखाद्या रिकाम्या डिजिटल इनपुटला आणा. त्या इनपुटला काही काम देऊ नका, फंक्शन "नाही" ठेवा. पण ट्रेसमध्ये त्याची स्थिती नोंदवा. दोन वायरींचं काम आहे.

---

साखरपट्टा

हे फार मोलाचं सांगितलंत. आम्ही एकदा पीएलसीची (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरची) नोंद आणि ड्राइव्हची नोंद शेजारी ठेवून कारण शोधत होतो आणि व्हॉल्व्ह आधी की करंट आधी यावर दोन विभागांत भांडण लागलं. शेवटी कळलं की दोन्ही घड्याळांत ४ सेकंदांचा फरक होता. आधी-नंतर ठरवायचं असेल तर सगळे सिग्नल एकाच घड्याळाखाली यायलाच हवेत.

---

रुमाल_अक्कलकोटरोड

उशिराने लिहितोय, पाच दिवस ट्रिपच झाला नाही. काल पहाटे पावणेचारला झाला आणि ट्रेस सापडला.

वाचून दाखवतो. माग बाणा तुटून उभा आहे. मोटर मोकळी फिरतेय, करंट ४ अँपिअरच्या जवळ. डीसी बस ५७० च्या आसपास. मग क्लचचा सिग्नल वर जातो, कामगाराने माग चालू केला. नेहमीच्या स्टार्टला करंट ९ पर्यंत जाऊन १५० मिलिसेकंदांत खाली येतो, हे मी मुद्दाम दहा स्टार्टचे ट्रेस घेऊन ठेवले होते. यावेळी तो ९ ला थांबलाच नाही. १२, १५, आणि क्लचपासून ११० मिलिसेकंदांनी १८ च्या वर, तिथं ट्रिप. डीसी बस त्या सगळ्या वेळात किंचितच वाकली. म्हणजे सप्लाय नाही.

मामांना ट्रेस दाखवला. यावेळी ते लगेच बोलले. "माग सुटायला बघतोय आणि कोणीतरी धरून ठेवलंय. ब्रेक बघ."

ब्रेक खोलला. तबकडीच्या गॅपमध्ये कापसाचं तूस तेलाबरोबर बसून घट्ट थर झाला होता. ब्रेकची कॉइल सुटली तरी तबकडी लगेच सुटत नव्हती. दिवसपाळीत दर दोन तासांनी कॉम्प्रेसरची हवा मारतात. रात्रपाळीत मारत नाहीत, बाजूच्या माणसांना झोंबते म्हणून. त्यामुळे पहाटेपर्यंत थर वाढत जायचा. तेल वरच्या बेअरिंगच्या सीलमधून येत होतं. सील बदललं, तबकडी साफ केली, गॅप मॅन्युअलप्रमाणे लावला.

या ट्रिपसाठी मी बीम बदलून, गिअर खोलून आणि बेल्ट नवीन टाकून बसलो होतो. त्यातला बेल्टच काय तो बदलायला झालेला होता.

---

चिंचोळीकर

रात्री हवा कोण मारणार, ते ठरलं का? नाहीतर महिन्याभरात परत तोच थर.

---

रुमाल_अक्कलकोटरोड

ठरलं. जेवणाच्या सुट्टीत, माग उभे असताना, मास्क लावून. कामगारांशी बोलूनच ठरवलं.

आज अकरावा दिवस, ३ नंबर एकदाही ट्रिप नाही. पोलिंग आता एका वेळी एकाच मागाचं करतो, ५० मिलिसेकंदांनी, दहा मिनिटं हा, दहा मिनिटं तो. फाइलमध्ये साखरपट्टा यांनी सांगितल्याप्रमाणे दर सेकंदाचे कमाल, किमान, आरएमएस. सरासरीने ग्राफ गुळगुळीत करणं बंद केलं.

आणखी एक दिसलंय. ५ नंबरच्या मागावर दर तिसरा दात उंच असायला हवा, तो तिथं बाकी दोघांच्या बरोबरीचाच आहे. त्या मागाच्या टॉवेलची लूप डाव्या बाजूला बुटकी पडते, अशी तक्रार आहेच. मामा म्हणतात तिसऱ्या पिकाचा रेटा पूर्ण येत नाही, टेरी मोशनचा (लूप उभी करणाऱ्या यंत्रणेचा) कॅम घासला असणार. उद्या दुपारी त्या मागाचा बीम संपतोय, तेव्हा कॅम काढून बघणार आहोत. आधीचा ग्राफ काढून ठेवलाय, नंतरचा काढून दोन्ही इथं टाकतो.